बँकेत वीस कोटी, मैदानात मिडफिल्डर नाही

(दृश्य: कॉलेज रोड, नाशिक. शनिवारची रात्र. चहाच्या टपरीपाशी लाल-पांढऱ्या जर्सीतली मंडळी.)

इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी तीनचा सामना सुरू होतो, तेव्हा नाशिकमध्ये हिवाळ्यात रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. तिकडे उन्हाळी वेळ लागली की साडेसात. खुद्द इंग्लंडमध्ये हे तीनचे सामने टीव्हीवर थेट दाखवत नाहीत, आपल्याकडे दाखवतात. लंडनच्या माणसाला घरी बसून जे दिसत नाही, ते गंगापूर रोडवरच्या पोरांना दिसतं. साडेदहाला सामना संपतो आणि वाद सुरू होतो. लंडनच्या आर्सेनल क्लबचे दोन जुने चाहते समोरासमोर आले, तर तो फिरून फिरून एकाच माणसापाशी येतो. आर्सेन वेंगर.

१ ऑक्टोबर १९९६ ते मे २०१८. जवळपास बावीस हंगाम, १,२३५ सामने, मॅनेजर एकच. तीन लीग विजेतेपदं, सात एफए कप (इंग्लंडमधली बाद फेऱ्यांची स्पर्धा), आणि २००३-०४ मध्ये एकही लीग सामना न हरलेला संघ: ३८ पैकी २६ विजय, १२ बरोबरी. याबद्दल कुणाचं दुमत नाही. भांडण आहे ते पैशाचं.

"दोनशे मिलियन बँकेत पडले होते भाऊ, आणि याला एक मिडफिल्डर घेता आला नाही!" हे एका बाजूचं ठरलेलं वाक्य. दोनशे मिलियन म्हणजे वीस कोटी पाउंड, मिडफिल्डर म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू. दुसरी बाजू विचारते, "स्टेडियमचं कर्ज कुणी फेडलं मग?"

दोघंही खरं बोलतात, पण वेगवेगळ्या वर्षांबद्दल. म्हणून आधी २०१३ वर एक रेघ मारू. रेघेच्या आधीचे वेंगर आणि नंतरचे वेंगर यांचा हिशोब एकत्र केला की कुणालाच न्याय मिळत नाही.

(दृश्य: हायबरीचं जुनं स्टेडियम. मग एमिरेट्सचं बांधकाम.)

वेंगर यांच्याकडे स्ट्रासबर्ग विद्यापीठाची अर्थशास्त्राची पदवी आहे. स्वस्तात घेणं, घडवणं आणि भाव आला की विकणं हे त्यांचं पहिल्यापासूनचं काम. निकोला अनेल्का १९९७ मध्ये पॅरिसहून ५ लाख पाउंडांत आला आणि १९९९ मध्ये सुमारे २ कोटी २० लाखांना रेआल माद्रिदला गेला. त्यातल्या निम्म्या पैशांत थिएरी ऑन्री आला, उरलेल्यातून लंडन कोल्नीचं सराव केंद्र उभं राहायला मदत झाली. कोलो टूरे २००२ मध्ये आयव्हरी कोस्टहून सुमारे दीड लाखांत आला, २००९ मध्ये दीड कोटींच्या आसपास विकला गेला. फाब्रेगासला सोळाव्या वर्षी बार्सिलोनातून उचललं. सोल कॅम्पबेल तर करार संपल्यावर टॉटनहॅममधून फुकट आला. तोवर याला कुणी कंजूषपणा म्हणत नव्हतं, हुशारी म्हणायचे.

मग स्टेडियम आलं. हायबरीत साधारण ३८ हजार माणसं मावायची, नव्या मैदानात ६० हजार. बांधकामाचा खर्च ३९ कोटी पाउंड. त्यासाठी २६ कोटींचं कर्ज, जे २००६ मध्ये दीर्घ मुदतीच्या रोख्यांत बदललं. दरवर्षी साधारण २ कोटींचा हप्ता ठरलेला, संघ जिंको वा हरो. बँकांनी आपण पाच वर्षं थांबण्याची हमी मागितली होती, असं वेंगर यांनी नंतर स्वतः सांगितलं.

मात्र खरी अडचण हप्त्यापेक्षा जाहिरातीच्या करारात होती, आणि रात्रीच्या वादात हा मुद्दा फारसा निघत नाही. २००४ मध्ये एमिरेट्स विमान कंपनीशी सुमारे १० कोटींचा करार झाला. मैदानाला पंधरा वर्षं नाव, जर्सीवर आठ हंगाम जाहिरात. त्यातला बराच पैसा बांधकामासाठी आधीच उचलला होता. त्यामुळे २०१४ पर्यंत आर्सेनलच्या छातीवरची जागा २००४ च्या भावाने गेलेली. त्याच काळात इतर क्लब दर तीन-चार वर्षांनी नवा, मोठा करार करत होते. २००३ मध्ये रशियन अब्जाधीश अब्रामोविच चेल्सीत आले, २००८ मध्ये अबू धाबीचा पैसा मँचेस्टर सिटीत. नव्या मैदानामुळे तिकिटांचं उत्पन्न ४ कोटी ४० लाखांवरून पहिल्याच हंगामात ९ कोटींवर गेलं. पण बाजारातल्या किमती त्याहून वेगाने धावत होत्या.

या सात-आठ वर्षांत वेंगर यांनी दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी विकला आणि तरी दरवर्षी पहिल्या चारांत राहून चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांची स्पर्धा, गाठली. चॅम्पियन्स लीगचे पैसे चुकले असते तर हप्त्याचं गणितच कोलमडलं असतं. या काळाबद्दल त्यांना कंजूष म्हणणं हा अन्याय आहे. हातात नव्हतंच, तर हात आखडता कसला?

(दृश्य: २८ ऑगस्ट २०११. ओल्ड ट्रॅफर्डचा धावफलक.)

पैसा नसणं वेगळं आणि वेळ चुकवणं वेगळं. २०११ च्या ऑगस्टमध्ये फाब्रेगास बार्सिलोनाला गेला, नासरी मँचेस्टर सिटीला. दोघं जाणार हे जूनपासून दिसत होतं. बदली खेळाडू मात्र आले नाहीत. २८ ऑगस्टला मँचेस्टर युनायटेडने ८-२ ने धुतलं, आणि विंडोच्या, म्हणजे खेळाडू घेण्या-विकण्याच्या ठरलेल्या मुदतीच्या, शेवटच्या दोन दिवसांत पाच जण आले: मेर्टेसाकर, आर्टेटा, सांतोस, पार्क आणि उसना घेतलेला बेनायून.

उशिरा खरेदीत तीन गोष्टी बिघडतात. विकणाऱ्याला तुमची निकड कळलेली असते, म्हणून भाव चढतो. खेळाडूला संघासोबत हंगामपूर्व सराव मिळत नाही. बचावफळीत तर एकमेकांच्या हालचाली अंगवळणी पडायला आठवडे लागतात. आणि पसंतीचे पहिले दोन-तीन खेळाडू तोवर दुसरीकडे गेलेले असतात. त्या पाचांपैकी आर्टेटा आणि मेर्टेसाकर उत्तम निघाले, ही पारख वेंगर यांची. पण हंगामाचे पहिले सामने तोवर हातचे गेले होते.

आता रेघेच्या पलीकडे. नोव्हेंबर २०१२ मध्ये एमिरेट्सशी १५ कोटींचा नवा करार झाला, २०१४ पासून पुमाशी पाच वर्षांचा, तोही १५ कोटींच्या घरात. हात मोकळे झाले. जुलै २०१३ मध्ये आर्सेनलने लुईस सुआरेझसाठी लिव्हरपूलला बरोबर ४ कोटी १ पाउंड देऊ केले. सुआरेझच्या करारात ४ कोटींच्या वरच्या बोलीचं कलम होतं, म्हणून वर एक पाउंड. लिव्हरपूलने विकायला साफ नकार दिला. पुढच्या हंगामात सुआरेझने लीगमध्ये ३१ गोल केले. ज्याची गरज आहे त्याच्यासाठी आणखी किती मोजायची तयारी आहे, हे ठरवायची ती वेळ होती. एका पाउंडाची बोली हा वकिली डाव होता, खरेदी नव्हती.

१७ ऑगस्ट २०१३, घरच्या मैदानावर ॲस्टन व्हिलाकडून १-३ हार. प्रेक्षक ओरडत होते, पैसे काढा. २ सप्टेंबरला मेसुट ओझिल आला, ४ कोटी २५ लाख, क्लबचा तेव्हाचा विक्रम. त्या दिवशी विंडो लंडनमध्ये रात्री अकराला बंद झाली, म्हणजे नाशिकमध्ये पहाटे साडेतीनला.

तो संघ त्या हंगामात १२८ दिवस अव्वल होता. जानेवारीत मजबुतीला एकच माणूस आला: किम शेलस्ट्रॉम, तोही उसना, आणि तपासणीत पाठीला दुखापत निघाली तरी घेतलेला. मग फेब्रुवारीत लिव्हरपूलमध्ये १-५, मार्चमध्ये चेल्सीत ०-६. हा दुसरा सामना म्हणजे वेंगर यांचा हजारावा. शेवटी चौथा क्रमांक. मे महिन्यात एफए कप जिंकून नऊ वर्षांचा दुष्काळ संपला खरा, पण लीग हातातून सुटली ती जानेवारीत.

(दृश्य: क्लबच्या ताळेबंदाचं पान. आकड्यांवरून सरकणारा कॅमेरा.)

आता ते 'दोनशे मिलियन'. आकडा खोटा नाही. ३१ मे २०१४ च्या ताळेबंदात रोख शिल्लक जवळपास २० कोटी ८० लाख पाउंड आहे. पण तारीख बघा. मेअखेरीस पुढच्या हंगामाच्या सीझन तिकिटांचे पैसे जमा झालेले असतात, आणि त्यातूनच वर्षभराचे पगार जायचे असतात. काही रक्कम रोख्यांच्या अटीप्रमाणे राखीव, तिला हात लावता येत नाही. आधी घेतलेल्या खेळाडूंचे हप्ते बाकी असतात, कारण ट्रान्सफर फी क्वचितच एकरकमी जाते. हे सगळं वजा केल्यावर दोनशे उरत नाहीत.

हिशोबाच्या वहीत किंमत आणखी वेगळी दिसते. ओझिलचा करार पाच वर्षांचा, म्हणून ४ कोटी २५ लाख हे दरवर्षी ८५ लाख असे खर्ची पडतात. पगार वेगळा. उलट विक्रीचा नफा त्याच वर्षी पूर्ण धरला जातो. म्हणून 'अमका विकून तमका घ्या' हे टपरीवरचं गणित वहीत तसं बसत नाही.

एवढं मान्य करूनही एका चांगल्या मिडफिल्डरपुरते पैसे नक्की होते. इथे टीकाकारांची बाजू भक्कम आहे आणि २०१५ चा उन्हाळा तिचा सगळ्यात मोठा पुरावा. त्या उन्हाळ्यात आर्सेनलने पहिल्या संघासाठी एकच खेळाडू घेतला: चेल्सीचा गोलकीपर पीटर चेक, सुमारे १ कोटी. युरोपच्या पाच मोठ्या लीगमध्ये गोलकीपर सोडून एकही खेळाडू न घेणारा तो एकमेव क्लब. मधल्या फळीचा सगळा भार दोघांवर: कोकेलाँ चेंडू हिसकावणार, काझोर्ला तो पुढे नेणार. कोकेलाँ तर वर्षभरापूर्वी दुसऱ्या विभागात उसना दिलेला होता. २१ नोव्हेंबरला त्याचा गुडघा गेला, २९ नोव्हेंबरला काझोर्लाचा. पुढे जिरूला जानेवारीपासून लीगमध्ये पंधरा सामने गोल मिळाला नाही, आणि त्याच्या जागी उतरवायला तशा तोलाचा स्ट्रायकर नव्हता. जानेवारीत मिडफिल्डर एलनेनी आला, पण हंगाम सुरू होताना लागणारा माणूस अर्धा हंगाम सरल्यावर आला.

त्या वर्षी चेल्सी कोसळली होती, दोन्ही मँचेस्टर अडखळत होते. लेस्टर ८१ गुणांवर विजेते, आर्सेनल ७१ वर दुसरे. आणि आर्सेनलने त्याच लेस्टरला दोन्ही वेळा हरवलं होतं. वेंगर यांची बाजू घेणारेही इथे गप्प होतात, आणि त्यांनी व्हायलाच हवं.

(दृश्य: लासलगाव परिसर. कांदाचाळ.)

वेंगर यांच्या शेवटच्या वर्षांत खर्च वाढला, हे विसरून चालणार नाही. शाका आणि मुस्ताफी, प्रत्येकी साडेतीन कोटींच्या आसपास. लाकाझेट साडेचार कोटींवर, ओबामेयांग साडेपाचवर. तरी २०१७ मध्ये पाचवा क्रमांक, २०१८ मध्ये सहावा. म्हणजे दुखणं फक्त खरेदीत नव्हतं. ते करारांत होतं.

उन्हाळी कांदा चाळीत ठेवला तर भाव येईपर्यंत थांबता येतं, पण दर महिन्याला वजन घटतं, कोंब फुटतात, सड लागते. कराराची शेवटची दोन वर्षं उरलेल्या खेळाडूचं तसंच आहे. दोन वर्षं बाकी असताना पूर्ण भाव, एक वर्ष राहिलं की निम्म्याच्या जवळ, आणि १९९५ च्या बोसमन निकालानंतर करार संपला की खेळाडू फुकट जातो, भाव शून्य. आघाडीचा खेळाडू सांचेझ आणि ओझिल दोघांचेही करार एकाच वेळी, जून २०१८ ला संपणारे. एक जरी २०१६ मध्ये वाढवला किंवा विकला असता, तर दुसऱ्याशी बोलताना क्लबचा हात वर राहिला असता. ऑगस्ट २०१७ मध्ये सिटीची सांचेझसाठी सुमारे ६ कोटींची तयारी होती. बदली म्हणून हवा असलेला मोनाकोचा लेमार मिळाला नाही आणि व्यवहार फिसकटला. पाच महिन्यांनी सांचेझ युनायटेडला गेला, बदल्यात मखितारियान. रोख काहीच नाही.

याची जबाबदारी एकट्या वेंगर यांच्यावर टाकता येत नाही. २००७ मध्ये डेव्हिड डीन क्लब सोडून गेले. खेळाडूंच्या वाटाघाटी करणारा आणि वेंगर यांना 'आता घेऊन टाक' म्हणू शकणारा तोच माणूस होता. त्यानंतर इतका अधिकार असलेलं कुणी त्यांच्यासमोर उरलं नाही, आणि मालक क्रोएंकी यांनीही ती जागा भरली नाही. २० एप्रिल २०१८ ला वेंगर यांनी हंगामाअखेर निघण्याचं जाहीर केलं.

(दृश्य: गंगापूर रोडवरचं टर्फ. रात्रीचे दिवे, पाच-पाचचा सामना.)

आज त्याच क्लबने मिडफिल्डर डेक्लन राइससाठी १० कोटी आणि वर अटींचे ५० लाख मोजलेले आहेत, आणि मॅनेजर आहे २०११ च्या त्या शेवटच्या दिवशी आलेला मिकेल आर्टेटा. टर्फवर खेळणाऱ्या पोरांनी वेंगर यांचा न हरणारा संघ पाहिलेला नाही. पण विंडो उघडली की ही पोरं कुणाचा करार कोणत्या जूनमध्ये संपतो ते आधी बघतात, फीचा आकडा नंतर.