प्रदर्शनालाही हंगाम असतो

मित्रहो,

जगातल्या मोठ्या शहरांत ठरावीक ऋतूत भरणारी कलाप्रदर्शने आणि सांस्कृतिक उत्सव हा विषय आयोजकांनी मला दिला, तेव्हा व्हेनिस, लंडन, टोकियो अशी एक फेरी शब्दांतून घडवून आणावी, एवढीच त्यांची अपेक्षा असावी. ती फेरी आपण करूच. परंतु त्या फेरीत चित्रांइतकेच माझे लक्ष तारखांवर राहील. एखादे शहर कलेचे शहर म्हणून नावारूपाला येते, त्यामागे एक ठरलेली वेळ पिढ्यानपिढ्या पाळण्याची शिस्त असते, असे माझे अभ्यासांती झालेले मत आहे. ही वेळ बहुतेक ठिकाणी तिथल्या हवेने, नदीने किंवा पिकाने ठरवून दिलेली असते. हे एकदा ध्यानात आले, की तापीकाठच्या माणसाने आपल्याही हंगामाकडे पुन्हा पाहिले पाहिजे.

जपानपासून सुरुवात करतो. नारा या जुन्या राजधानीत तोदाइजी मंदिराच्या आवारात शोसोइन नावाचे एक लाकडी कोठार आहे. सम्राट शोमू ७५६ साली निवर्तल्यावर त्यांच्या राणीने त्यांच्या वापरातल्या आणि संग्रहातल्या वस्तू या मंदिराला अर्पण केल्या. वाद्ये, वस्त्रे, काचेची भांडी, शस्त्रे, कागदपत्रे असा मिळून सुमारे नऊ हजार वस्तूंचा तो ठेवा आहे. त्यांतल्या निवडक वस्तूंचे प्रदर्शन १९४६ पासून दर शरदात, ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत, जेमतेम दोन आठवडे तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात भरते. शरदच का, तर जपानचा पावसाळी दमटपणा सरून हवा कोरडी झालेली असते आणि बाराशे वर्षांचे रेशीम, कागद, लाख यांना ती हवा मानवते. म्हणून कोठाराचे मोहोरबंद दरवाजे याच काळात उघडायचे, आतल्या वस्तूंची तपासणी करायची आणि त्या निमित्ताने थोड्या वस्तू लोकांना दाखवायच्या, असा क्रम आहे. एकदा दाखवलेली वस्तू सहसा पुढची काही वर्षे पुन्हा बाहेर येत नाही. युद्धाने होरपळलेल्या देशाने १९४६ साली, खाण्याची भ्रांत असताना, हे प्रदर्शन भरवले आणि लोक आले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

त्याच देशात टोकियोच्या नेझू संग्रहालयात ओगाता कोरिन या चित्रकाराचे अठराव्या शतकाच्या आरंभीचे आयरिस फुलांचे दोन पडदे आहेत. सोनेरी वर्खावर गडद निळी फुले आणि हिरवी पाती, एवढेच त्यात आहे. पाणी नाही, आकाश नाही, माणूस नाही. हे पडदे वर्षभर टांगून ठेवलेले नसतात. संग्रहालयाच्या बागेत आयरिस फुलण्याचे दिवस आले, म्हणजे एप्रिल-मे लागला, की ते बाहेर काढतात. प्रेक्षकाने आधी चित्र पाहावे आणि मग चार पावले चालून तेच फूल तळ्याकाठी पाहावे, अशी त्यामागची योजना आहे. चित्र संग्रहालयाचे आणि फूल बागेचे, अशी फारकत तिथे कोणी केलेली नाही.

फ्रान्समधल्या लिआँ शहराची तारीख तर नदीनेच ठरवली. १८५२ साली फुर्व्हिएरच्या टेकडीवर मेरीमातेच्या पुतळ्याची प्रतिष्ठापना ८ सप्टेंबरला व्हायची होती; पण सोन नदीला पूर आला आणि समारंभ ८ डिसेंबरवर गेला. त्या दिवशीही सकाळी वादळ झाले, आता सगळे रद्द होणार असे वाटले, आणि संध्याकाळी आभाळ निवळताच लोकांनी आपणहून खिडक्याखिडक्यांत मेणबत्त्या लावल्या. ती दिव्यांची रात्र लिआँने पुढे सोडली नाही. आज जगभरचे प्रकाशकलावंत त्या चार रात्रींसाठी तिथल्या चौकांवर आणि इमारतींवर आपली कामे मांडतात. तरीही खिडकीतला काचेच्या पेल्यातला दिवा अजून तेवतो. दिवाळीला उंबऱ्यावर पणती ठेवणाऱ्या आपल्यासारख्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

लंडनच्या रॉयल अकादमीचे उन्हाळी प्रदर्शन १७६९ पासून एकही वर्ष न चुकता भरत आले आहे. दोन महायुद्धे झाली, शहरावर बाँब पडले, तरी ते भरले. २०२० साली महामारीने उन्हाळा हुकवला, तेव्हा तेच उन्हाळी प्रदर्शन शरदात उघडले, परंतु वर्ष वाया जाऊ दिले नाही. नामवंतांच्या शेजारी अनोळखी माणसाचे चित्र टांगले जाण्याची शक्यता तिथे असते, कारण शुल्क भरून कोणीही आपले काम निवडीसाठी पाठवू शकतो. एकाच भिंतीवर येण्याने काय घडते, याचा १८३२ सालचा एक प्रसंग चित्रकार आवडीने सांगतात. प्रदर्शन उघडण्यापूर्वी चित्रांवर शेवटचा हात फिरवण्यासाठी चित्रकारांना काही दिवस मिळत. कॉन्स्टेबल आपल्या वॉटर्लू पुलाच्या भव्य चित्रात लाल आणि सोनेरी रंग भरत होते. शेजारीच टर्नर यांचे करड्या समुद्राचे शांत चित्र होते. टर्नर आले, दोन्ही चित्रांकडे पाहिले, आपल्या करड्या पाण्यावर शेंदरी रंगाचा एक गोल ठिपका टेकवला आणि एक शब्द न बोलता निघून गेले. त्या एका ठिपक्याने शेजारचे सगळे लाल रंग फिके पडले. पुढे येऊन त्यांनी त्या ठिपक्याला पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाचा आकार दिला. टर्नर इथे येऊन बंदूक झाडून गेले, अशा अर्थाचे उद्गार कॉन्स्टेबल यांनी काढले. घरात एकट्याने बसून काढलेल्या चित्राला असा शेजार कधीच मिळत नाही.

बाजाराचे वेळापत्रक मी थोडक्यात आटोपतो. मार्चमध्ये हाँगकाँग, जूनमध्ये बाझेल, डिसेंबरमध्ये मायामी, आणि आपल्याकडे फेब्रुवारीत दिल्ली, असा कलाविक्रीचा वार्षिक फेरा आहे. तोही आवश्यक आहे, कारण चित्रकाराच्या घरी चूल पेटली पाहिजे. परंतु शहर घडवण्याचे काम त्या मेळ्यांकडून फारसे होत नाही, असे मला वाटते.

शहर कसे घडते हे पाहायचे, तर जर्मनीतल्या कासेलला जावे लागेल. कासेलची वस्ती दोन लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या जळगाव किंवा धुळ्याहूनही लहान. १९४३ च्या बाँबवर्षावात हे शहर जवळजवळ बेचिराख झाले. १९५५ साली तिथे राष्ट्रीय उद्यानप्रदर्शन भरायचे ठरले, तेव्हा आर्नोल्ड बोडे या तिथल्याच चित्रकार-शिक्षकाने ती संधी साधली आणि फ्रिडेरिशियानुम या भाजून निघालेल्या जुन्या संग्रहालयाच्या उघड्या विटांच्या भिंतींवर पांढरा रंग देऊन, नाझी राजवटीने ज्यांना भ्रष्ट ठरवले होते अशा चित्रकारांची चित्रे लावली. हेच पहिले डॉक्युमेंटा. फुले पाहायला आलेले लोक चित्रे पाहू लागले. आता दर पाच वर्षांनी, शंभर दिवस, हे प्रदर्शन भरते आणि २०१२ साली त्याला आठ लाखांहून अधिक प्रेक्षक आले.

१९८२ सालच्या डॉक्युमेंटात योसेफ बॉइस या कलावंताने शहरात सात हजार ओकची झाडे लावण्याचे काम हाती घेतले. संग्रहालयासमोरच्या हिरवळीवर त्यांनी बसाल्टचे सात हजार दगड आणून रचले आणि अट अशी घातली, की एक झाड लागले की एक दगड तिथून उचलून त्या झाडाशेजारी उभा करायचा. ढीग जोवर मोठा, तोवर काम बाकी, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला न सांगता कळत होते. हा ढीग संपायला पाच वर्षे लागली. १९८६ साली बॉइस गेले, आणि शेवटचे झाड १९८७ च्या डॉक्युमेंटात त्यांच्या मुलाने लावले. दोन प्रदर्शनांमधला काळ असा शहराने आपल्या हातांनी भरून काढला. बसाल्ट म्हणजे आपला काळा पाषाण. आपल्या सातपुड्याच्या पायथ्याशी तो पायलीला पन्नास मिळतो.

आता घराकडे वळू. मुंबईत बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासून आहे आणि काळा घोड्याचा उत्सव १९९९ पासून थंडी सरता सरता भरतो. कोचीची द्वैवार्षिकी, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारे कलाप्रदर्शन, १२ डिसेंबर २०१२ या दिवशी सुरू झाली. बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू या मुंबईत शिकलेल्या दोन केरळी चित्रकारांनी ती आपल्या मुलखात, मसाल्याच्या जुन्या वखारींमध्ये उभी केली. शिकायला गेलेल्यांनी आपल्या मातीत परत येऊन काही उभारावे, याचे याहून जवळचे उदाहरण मला दिसत नाही.

आणि खानदेश? रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याने अनेक वर्षे अजिंठ्यात राहून भित्तिचित्रांच्या प्रतिकृती काढल्या. लंडनजवळ सिडनहॅमच्या स्फटिक प्रासादात त्या मांडलेल्या असताना १८६६ च्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या, आणि गिल यांची कबर आपल्या भुसावळला आहे. पुढे १९०९ च्या हिवाळ्यात लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर त्याच लेण्यांत प्रतिकृती काढायला बंगालमधून जे तरुण चित्रकार आले, त्यांत नंदलाल बोस होते. चाळीसगावला स्टेशनजवळच्या बंगल्यात आयुष्य काढलेले केकी मूस यांनी तिथूनच आपली छायाचित्रे जगभरच्या प्रदर्शनांना पाठवली.

नंदलाल बोस इथे पुन्हा आले. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. ते यशस्वी व्हावे म्हणून साने गुरुजी खानदेशातली गावे पालथी घालत होते. सजावटीची जबाबदारी गांधीजींनी नंदबाबूंवर सोपवली आणि खेड्यात मिळणाऱ्या सामग्रीतूनच सगळे उभे करायचे, असा आग्रह धरला. नंदबाबू आणि वास्तुरचनाकार म्हात्रे यांनी बांबू, गवत, माती यांतून टिळकनगर उभारले. खादी आणि ग्रामोद्योगांच्या प्रदर्शनाचे उद्घाटन करताना गांधीजींनी या दोघांना जाहीरपणे श्रेय दिले. कापूस वेचणीचे दिवस होते, थंडी होती, नदीनाले ओलांडता येत होते, आणि शेतकरी बैलगाड्या जुंपून सहकुटुंब आले.

फैजपूरच्या या अनुभवावर नंदबाबूंनी १९३८ साली हरिपुऱ्याचे काम उभारले. हरिपुराही तापीकाठचेच, फक्त सुरतेकडचे. त्या अधिवेशनासाठी त्यांनी हातकागदावर मातीच्या रंगांत ऐंशीच्या आसपास फलक रंगवले: नांगरणारा शेतकरी, शिकारी, ढोल वाजवणारा, कांडण करणाऱ्या बाया. ते रस्त्याच्या कडेला, कमानींवर, चालत्या माणसाला दिसतील असे लावले होते. २०१९ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिकीत भारताचे दालन गांधीजींच्या दीडशेव्या जयंतीनिमित्त उभारले गेले, तेव्हा त्यात हे हरिपुऱ्याचे फलक होते. १८९५ पासून चालत आलेल्या, जगातल्या सर्वांत जुन्या द्वैवार्षिकीच्या त्या भिंतीपर्यंत जाणारी वाट फैजपूरच्या मळ्यांतून गेली आहे, हे आपल्या किती शाळांत सांगितले जाते?

म्हणून माझी सूचना अगदी व्यवहाराची आहे: खानदेशाने आपले कलाप्रदर्शन दरवर्षी ठरलेल्या ऋतूत भरवावे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, त्या काळात कागद, रंग आणि माणूस तिन्ही हैराण होतात. पावसाळ्यात शेतकऱ्याला सवड नसते. आपला ऋतू दत्तजयंतीपासून संक्रांतीपर्यंतचा आहे. सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरलेला असतो, शेताशेतांत भरिताच्या पार्ट्या चाललेल्या असतात, कापसाचे थोडेफार पैसे हातात आलेले असतात आणि मुंबई-पुण्याचे पाहुणे आपणहून येण्याजोगी हवा असते. होळीला सातपुड्यातल्या काठी या गावी जाऊन अंगावर राखेचे ठिपके रेखणारे, कमरेला भोपळे बांधणारे आणि मोरपिसांचे टोप चढवणारे सातपुड्यातले नर्तक आपण पाहतो. त्यांचे ते रेखाटन त्यांच्या व्रताचा भाग आहे, त्यामुळे ते तिथेच आणि त्याच दिवशी पाहावे, आपल्या मंडपात आणू नये. मात्र हे टोप बांधणारे, बांबू विणणारे आणि भिंती रंगवणारे हात आपल्या प्रदर्शनात मानाच्या जागी असलेच पाहिजेत, आणि त्यांच्या कामाखाली त्यांचे नाव असले पाहिजे.

जागेची अडचण सांगितली जाईल. एडिंबरोचा ऑगस्टमधला महोत्सव १९४७ साली सुरू झाला, तेव्हा आमंत्रण नसलेली आठ नाटक मंडळे आली आणि मिळेल त्या सभागृहात त्यांनी प्रयोग लावले. आज हा बिनबोलावण्यांचा उत्सव मूळ महोत्सवाहून मोठा झाला आहे. आपल्याकडे बंद पडलेल्या जिनिंगच्या शेड आहेत, शाळांची सभागृहे आहेत. मनुष्यबळही आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षा डिसेंबरपूर्वी उरकलेल्या असतात, आणि जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या शाळांमधले कलाशिक्षक त्यानंतर तुलनेने मोकळे असतात. त्यांना एकत्र बोलावून पुढच्या तीन वर्षांच्या तारखा आधी ठरवाव्यात, त्या शाळेच्या वार्षिक नियोजनात छापून घ्याव्यात, आणि चित्रांची निवड, मांडणी व खर्च यांचा विचार त्यानंतर करावा.