भाषा कच्ची, की कान?

श्रोतेहो, नमस्कार.

परक्या देशात जाऊन राहिलेल्या माणसाला समोरच्याचं बोलणं कळलं नाही, की दोष कुणाचा हे आधीच ठरलेलं असतं. भाषेचा. 'इथले लोक भराभर बोलतात', 'यांचे उच्चारच वेगळे' असं तो स्वतः म्हणतो, घरचे म्हणतात आणि पुष्कळदा डॉक्टरही म्हणतात. कानाकडे बघायचं राहून जातं, वर्षानुवर्षं.

असं का होतं? वयामुळे किंवा गोंगाटामुळे कान बिघडतो तो आधी वरच्या पट्टीत. बोलण्यातले अ, आ, ओ हे स्वर जोरकस आणि खालच्या पट्टीतले, ते ऐकू येतात. स, श, फ, थ वरच्या पट्टीतले, मुळातच क्षीण, ते गळतात. आवाज पोहोचतो, शब्द पोहोचत नाही. मातृभाषेत ही गळती मेंदू संदर्भावरून भरून काढतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. मोठेपणी शिकलेल्या भाषेत ही सोय तोकडी पडते. त्यामुळे कानाचं सुरुवातीचं नुकसान दुसऱ्या भाषेत आधी उघडं पडतं आणि भाषेच्याच नावावर मांडलं जातं.

पडताळा घरीच घेता येतो. नळ चालू असताना पाठीमागून कुणी आपल्याच भाषेत बोललं तर कळतं का? फोन एका कानाला लावला की स्पष्ट आणि दुसऱ्याला लावला की पुसट, असं होतं का? टीव्हीचा आवाज कमी करा म्हणून घरचे मागे लागतात का? इथे अडत असेल तर भाषेच्या वर्गाने काही सुटणार नाही, कान तपासायला हवा.

आता कान वाजण्याबद्दल. बाहेर काहीच वाजत नसताना कानात शिट्टी, सूं सूं, रातकिड्यांची किरकिर ऐकू येते, त्याला कर्णनाद म्हणतात. जगभरातल्या पाहण्या एकत्र केल्या तर प्रौढांपैकी सुमारे १४ टक्के लोकांना तो जाणवतो, आणि सुमारे २ टक्क्यांना त्याचा फार त्रास होतो. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या सुमारे १५ हजार केसपेशी असतात. त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. तिथून येणारे संदेश कमी झाले की मेंदू जणू स्वतःच आवाजाचं बटण वाढवतो आणि त्यातून हा नाद निर्माण होतो, असं आज मानलं जातं.

गजबजलेल्या वस्तीतून शांत ठिकाणी राहायला गेलेल्यांना तो एकाएकी सुरू झाल्यासारखा वाटतो. पुष्कळदा तो आधीपासून असतो, फक्त झाकलेला. हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी १९५३ साली चांगलं ऐकू येणाऱ्या ८० जणांना आवाजबंद खोलीत बसवलं, तेव्हा त्यांतल्या ९४ टक्के लोकांना काही ना काही ऐकू आलं. म्हणून पहिल्या शांत रात्री कानात सूं झालं, तर घाबरून जायचं कारण नाही.

डॉक्टरांकडे खरी अडचण येते ती वर्णनाची. 'मला आवाज ऐकू येतात' हे वाक्य दुभाष्याकडून भाषांतरित होऊन गेलं, की डॉक्टरांना मानसिक आजाराची शंका येऊ शकते. म्हणून स्पष्ट सांगा: शब्द नाहीत, माणसांचं बोलणं नाही, शिट्टी आहे. सूर वाजवणारं ॲप फोनवर मिळतं. त्यात आपल्या नादाशी जुळणारा सूर शोधून तोच डॉक्टरांना ऐकवला, तर शब्दांची गरजच उरत नाही. कोणत्या कानात, केव्हापासून, सतत की थांबून थांबून, हे लिहून न्या. मायदेशी क्षयासाठी किंवा मोठ्या जंतुसंसर्गासाठी स्ट्रेप्टोमायसिन, अमिकॅसिन, जेंटामायसिन अशी इंजेक्शनं घेतली असतील तर ती आवर्जून सांगा. या औषधांनी कान कायमचे जाऊ शकतात, आणि जुने कागद मागेच राहिल्याने नव्या डॉक्टरांना त्याची कल्पना नसते. दुभाषी म्हणून घरच्या मुलाला बसवू नका. फोनवरचा दुभाषी कमी ऐकणाऱ्याला सगळ्यात गैरसोयीचा. ओठ दिसतील असा, समोर बसलेला मागा.

एक गोष्ट मात्र थांबायची नाही. एका कानाचं ऐकू येणं काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत गेलं, तर सर्दीने दडा बसला असेल म्हणून वाट पाहू नका, त्याच दिवशी दाखवा. स्टेरॉइडचा उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हावा लागतो, जितका लवकर तितका बरा. नाद नाडीच्या ठेक्यावर धडधडत असेल तर रक्तवाहिन्या तपासतात. एकाच कानात असेल तर एमआरआय लागू शकतो.

तपासणीतला मुख्य भाग भाषेशिवाय होतो. खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंतचे, म्हणजे २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे सूर वाजतात, अगदी पुसट वाटला तरी बटण दाबायचं. कान वाजत असतील तर तुटक सूर लावायला सांगा, नाहीतर यंत्राचा सूर कोणता आणि आपला कोणता ते कळत नाही. आलेखावर उजवा कान लाल गोलाने आणि डावा निळ्या फुलीने दाखवतात. ४००० हर्ट्झच्या आसपास खळगा दिसला तर गोंगाटाचा संशय घ्यावा. पुढचा भाग शब्द ऐकून परत म्हणण्याचा, आणि तो स्थानिक भाषेत असतो. तिथे गुण कमी पडले तर ते कानामुळे की भाषेमुळे, हे सांगता येत नाही. आपल्या भाषेतली यादी आहे का विचारा. नसेल तर 'ही चाचणी रुग्णाच्या दुसऱ्या भाषेत घेतली' एवढी ओळ अहवालावर लिहून घ्या, कारण श्रवणयंत्राचे पुढचे निर्णय याच कागदावर होतात.

बांधकाम, कारखाना, मांस कापण्याचे कारखाने, यंत्रशेती: नव्याने आलेल्यांच्या वाट्याला बऱ्याचदा अशीच कामं येतात. आवाजाचा जोर डेसिबलमध्ये मोजतात. ८५ डेसिबल आवाजात ८ तास ही सर्वसाधारण मर्यादा धरतात, आणि वाढणाऱ्या दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागला, की ८५ च्या आसपास पोहोचलात असं समजा.

अशा कामावर कानात फोमचा बोळा घालतात, तो असा: बोटांत वळून बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, बोळा आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवा. समोरून पाहणाऱ्याला तो बाहेर डोकावताना दिसला, तर नीट बसलेला नाही. आणि काढू नका. ८ तासांत अर्धा तास काढला, तर बोळा कितीही भारी असो, संरक्षण फार तर १२ डेसिबल उरतं. निम्मा वेळ काढला तर जेमतेम ३. लोक तो काढतात कशासाठी? मुकादमाची परकी भाषा कळावी म्हणून! त्यावर उपाय म्हणजे हातवाऱ्यांच्या खुणा ठरवून घेणं, सूचना आवाजापासून दूर जाऊन घेणं, आणि गरजेपेक्षा जास्त आवाज अडवणारा बोळा न घेणं.

मायदेशी चालणाऱ्या लांबलचक व्हिडिओ कॉलचं काय? गजबजलेल्या खोलीत इअरफोनचा आवाज आपोआप चढत जातो. ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास हे जागतिक आरोग्य संघटनेचं माप आहे. कान पूर्ण झाकणारा हेडफोन घेतला तर आवाज कमी ठेवता येतो.

कर्णनाद घालवणारी सिद्ध झालेली गोळी नाही. जिंकगो नावाच्या झाडाचा अर्क, झिंक यांवर पैसे घालवू नका. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने नादही बऱ्याच जणांचा मागे पडतो. त्रास कमी करण्यासाठी सर्वाधिक पुरावा आहे तो संज्ञानात्मक वर्तन उपचाराचा, म्हणजे सीबीटीचा. त्यात समुपदेशकाशी बोलून नादाबद्दलचे विचार आणि सवयी बदलतात. तो मातृभाषेत घ्या. मनातली भीती उसन्या शब्दांत नीट मांडता येत नाही, आणि ऑनलाइन समुपदेशक परगावचाही चालतो. रात्री उशाशी पंखा किंवा पावसाचा आवाज लावा, नादापेक्षा किंचित हळू. पूर्ण झाकण्याची गरज नाही, शिट्टी त्या आवाजात थोडी मिसळली की पुरे.

नमस्कार.