हिरव्या घरातलं शून्य

नमस्कार श्रोतेहो.

जत्रेतली चक्री तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. कडेला खिळे ठोकलेलं लाकडी चाक, त्यावर घासणारी चामड्याची जीभ, तो टर्रर्र आवाज आणि चाक मंदावेल तशी गप्प होत जाणारी पोरं. आज बोलायचंय ते या चक्रीच्या श्रीमंत बहिणीबद्दल, रूलेटबद्दल.

फ्रेंच भाषेत रूलेट म्हणजे लहानसं चाक. आधी ते डोळ्यांसमोर आणू या. परातीसारखं खोलगट लाकडी पात्र आणि त्याच्या तळाशी फिरणारं चाक. चाकावर 37 घरं. 1 ते 36 आकड्यांची घरं लाल आणि काळी, एक घर हिरवं, त्यात शून्य. खेळवणारा चाक एका दिशेनं फिरवतो आणि लहानशी पांढरी गोळी उलट दिशेनं सोडतो. गोळी आधी काठाला धरून धावते. वेग सरला की खाली घसरते, धातूच्या अडसरांवर आपटते, एकदोन घरांत डोकावून बाहेर उडते आणि मग कुठल्यातरी घरात जाऊन बसते. आकडे तिथे ओळीनं नसतात. शून्याच्या एका बाजूला 32, दुसऱ्या बाजूला 26. लहानमोठे आकडे मुद्दाम सगळीकडे विखुरलेले असतात.

आता एक सोपा हिशेब करू. समजा, मी सगळ्या 37 घरांवर एकेक रुपया लावला. एक घर लागणारच. त्याचे 35 रुपये मिळतात, शिवाय माझा रुपया परत. म्हणजे गेले 37, आले 36. पत्त्यांच्या अड्ड्यावर मालक डावामागे नाल काढतो, ती सगळ्यांना दिसते. इथे नाल कुणी मागत नाही, ती चाकातच बसवलेली आहे. त्या हिरव्या घरात. चाक प्रामाणिक असलं तरी शंभरामागे सरासरी 2 रुपये 70 पैसे मालकाकडे जातात, म्हणून त्याला लबाडी करायची गरजच नसते. मला रूलेटचा सगळा इतिहास या शून्याचाच इतिहास वाटतो.

हे चाक ब्लेझ पास्कल या फ्रेंच गणितज्ञानं शोधलं, असं बरेच जण सांगतात. त्याला भक्कम आधार नाही. पण ही कथा कुठून निघाली असेल याचा मला एक अंदाज आहे. चाक रस्त्यावरून घरंगळताना त्याच्या कडेवरचा एक ठिपका हवेत कमान काढत जातो. त्या वक्राला तेव्हा फ्रेंचमध्ये रूलेटच म्हणत, आणि 1658 साली पास्कलनं त्यावर लिहिलंही होतं. नाव एक, गोष्टी दोन. नंतरच्या लोकांनी त्यांची सांगड घातली असावी.

चाकावरचे जुगार मात्र 18व्या शतकात होतेच. इंग्लंडमध्ये रोली-पोली आणि सम-विषम असे खेळ इतके बोकाळले की संसदेला बंदीचे कायदे करावे लागले. शतक संपता संपता पॅरिसच्या पाले रोयाल भागातल्या अड्ड्यांत आजच्यासारखं रूलेट फिरू लागलं होतं. त्यात शून्यं दोन होती, एक साधं आणि एक जोडशून्य, दोन्ही मालकाची. अमेरिकेत अजूनही बहुतेक ठिकाणी तशीच चाकं आहेत. तिथे 38 लावा, 36 परत.

1837 संपताना फ्रान्सनं हे अड्डे बंद केले. तिथून पुढे गोष्ट फ्रांस्वा आणि लुई ब्लां या जुळ्या भावांची. मोठे बिलंदर! बोर्दोमध्ये असताना यांनी सरकारी तारयंत्रणेतल्या माणसाला फितवून पॅरिसच्या बाजारभावांची खबर इतरांआधी मिळवली होती. पुढे ते जर्मनीत, बाद होम्बुर्गला गेले. तिथे 1843 मध्ये त्यांनी चाकावरचं एक शून्य काढून टाकलं. नाल निम्म्यावर आणली आणि गिऱ्हाईक खेचलं. कमी टक्क्यावर जास्त उलाढाल, हे कुठल्याही बाजारपेठेतल्या व्यापाऱ्याला लगेच कळेल.

त्याच सुमारास मोनॅको या फ्रान्सला लागून असलेल्या चिमुकल्या समुद्रकाठच्या संस्थानाची दैना चालली होती. मांतों आणि रोकब्रून ही गावं 1848 मध्ये फुटून निघाली आणि लिंबं-ऑलिव्हच्या बागांचं उत्पन्नही त्यांच्याबरोबर गेलं. राजा तिसरा शार्ल यानं 1863 मध्ये कॅसिनोचा मक्ता फ्रांस्वा ब्लांला दिला. 1866 मध्ये कॅसिनोच्या टेकडीला मॉन्टे कार्लो हे नाव मिळालं, 1868 मध्ये रेल्वे आली, आणि 1869 मध्ये राजानं प्रजेवरचे प्रत्यक्ष कर रद्द केले. ब्लां म्हणजे पांढरा. लोक म्हणायचे, कधी लाल जिंकतो, कधी काळा, पण पांढरा मात्र नेहमी!

याच मॉन्टे कार्लोत 18 ऑगस्ट 1913 रोजी गोळी लागोपाठ 26 वेळा काळ्या घरात पडली. दहापंधरा वेळा काळा आल्यावर लोकांनी लालवर पैशांच्या राशी ओतल्या. आता तरी लाल येणारच, असं प्रत्येकाला वाटत होतं. पण मागच्या डावात काय झालं हे गोळीला ठाऊक नसतं. त्या रात्री कॅसिनोनं लाखो फ्रँक कमावले. आकड्याच्या नादात घर घालवलेली माणसं मी पाहिली आहेत. "आता येणारच," हे शब्द मी त्यांच्याही तोंडून ऐकलेत, म्हणून ही तारीख माझ्या डोक्यातून जात नाही.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. ज्या कॅसिनोनं मोनॅकोच्या प्रजेचे कर माफ करवले, तिथे त्या प्रजेला खेळायला मनाई आहे. हा नियम जुना आहे आणि आजही लागू आहे. आपल्याकडे मांडवी नदीतल्या बोटींवरही हेच चाक फिरतं, आणि गोवा सरकारनंही 2020 मध्ये गोवेकरांना त्या कॅसिनोंत खेळायला बंदी केली.

नमस्कार.