शेजारच्या खुर्चीतली माणसं

नमस्कार श्रोतेहो.

1985 साली अमेरिकेत तिशीच्या आतबाहेरच्या तीन स्त्रियांनी महाविद्यालयीन मुलींच्या बास्केटबॉल संघांवर सहायक प्रशिक्षक म्हणून काम धरलं. क्रिस डेली कनेक्टिकट विद्यापीठात गेल्या, तर हॉली वॉर्लिक आणि मिकी डीमॉस टेनेसी विद्यापीठात. आपल्याकडे ही नावं फारशी कुणी ऐकली नसतील. पण गेल्या चाळीस वर्षांत तिथला मुलींचा बास्केटबॉल ज्या उंचीवर गेला, त्यात या तिघींचा वाटा मोठा आहे. तो तक्त्यात मात्र दिसत नाही, कारण सामना जिंकला की विजय मुख्य प्रशिक्षकाच्या खात्यावर जमा होतो. सहायकाच्या नावापुढे आकडाच नसतो. म्हणून आज या शेजारच्या खुर्चीतल्या माणसांबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे.

आधी हे काम काय असतं ते सांगते. हंगामातले सामने सहायकांमध्ये वाटलेले असतात. या संघाशी खेळायचंय, त्याचा अभ्यास तू कर. त्या संघाचा तू. ज्याच्या वाट्याला जो संघ, त्यानं त्याचे जुने सामने पुन्हा पुन्हा पाहायचे. त्यांची पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन चाल रचणारी खेळाडू, उजवीकडेच वळते का? उंच खेळाडू थकली की बचावात मागे राहते का? टाइमआउटनंतर, म्हणजे सल्लामसलतीसाठी थांबवलेला खेळ पुन्हा सुरू झाला की, पहिली चाल कुठली खेळतात? हे सगळं टिपून आपल्या मुलींना समजेल अशा थोडक्या शब्दांत मांडायचं. मग सरावात विद्यापीठातलेच काही मुलगे प्रतिस्पर्धी संघ बनून उभे राहतात, आणि त्यांना त्या चाली शिकवायचं कामही सहायकाचंच. प्रत्यक्ष सामन्यात कुणाचे किती फाउल झाले, किती टाइमआउट उरले, कुणाचा चेहरा उतरलाय, इकडे लक्ष ठेवायचं आणि नेमक्या क्षणी मुख्य प्रशिक्षकाच्या कानाशी सांगायचं.

आणि हा झाला मैदानावरचा भाग. खरी झीज होते ती खेळाडू शोधण्यात. शाळेत शिकणारी सोळा-सतरा वर्षांची मुलगी हेरायची, तिच्या गावी जाऊन शाळेच्या जिममध्ये तिचा खेळ पाहायचा, तिच्या आईवडिलांशी बोलायचं. त्यांना भेटायचं कधी, फोन करायचा कधी, यावरही तिथल्या क्रीडा संघटनेचे, म्हणजे एनसीएएचे, काटेकोर नियम आहेत. चार वर्षं आपली लेक या लोकांच्या हाती द्यायची की नाही, हे घरातली माणसं ठरवतात, आणि पुष्कळदा ती सहायक प्रशिक्षकाकडे बघूनच ठरवतात.

आपल्या महाविद्यालयांत शारीरिक शिक्षण संचालक एकट्यानं सगळे खेळ सांभाळताना आपण पाहतो. त्यामुळे एका संघासाठी तीन-तीन, 2023 पासून तर पाच-पाच सहायक, हे ऐकून नवल वाटेल. पण तिथेही पूर्वी असं नव्हतंच. शिक्षणात लिंगभेद करायला मनाई करणारा कायदा, ज्याला तिथे टायटल नाईन म्हणतात, तो 1972 मध्ये आला. त्यानंतरही मुलींच्या खेळाला पैसा यायला वेळ लागला. 1974 मध्ये पॅट समिट टेनेसीच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या, तेव्हा त्या अवघ्या बावीस वर्षांच्या होत्या. संघाची गाडी त्याच चालवायच्या आणि गणवेशही त्याच धुवायच्या.

या कायद्याची एक दुसरी बाजू मला नेहमी खुपते. 1972 पूर्वी मुलींच्या संघांना शिकवणाऱ्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त स्त्रियाच होत्या. पैसा आला, प्रतिष्ठा आली, तशी त्या खुर्च्यांवर पुरुष येऊन बसले आणि स्त्रियांचं प्रमाण निम्म्याच्याही खाली गेलं. बास्केटबॉलमध्ये परिस्थिती त्यातल्या त्यात बरी राहिली. तरीही मुलींच्या संघाच्या बाकावर सहायक म्हणून एखादी जाणती बाई असणं, ही माझ्या दृष्टीनं शोभेची गोष्ट नाही. खेळून मोठ्या झालेल्या बाईचं ज्ञान पुढच्या मुलीपर्यंत पोचण्याची ती सर्वांत जवळची वाट आहे.

आता क्रिस डेलींकडे येते. त्या न्यू जर्सीच्या. रटगर्स विद्यापीठाकडून खेळल्या आणि 1982 मध्ये त्यांच्या कप्तानपदाखाली रटगर्सनं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. ही स्पर्धा भरवणारी संघटना स्त्रियांच्या खेळासाठी स्त्रियांनीच उभी केलेली होती. त्याच वर्षी एनसीएएनं मुलींची स्वतःची स्पर्धा सुरू केली आणि ती जुनी संघटना बंद पडली. तिची शेवटची विजेती म्हणून नोंद आहे ती डेलींच्या संघाची. पुढे कॉर्नेल आणि रटगर्समध्ये सहायक म्हणून काम करून त्या 1985 मध्ये कनेक्टिकटला आल्या, नव्यानंच नेमलेले मुख्य प्रशिक्षक जीनो ऑरिएमा यांच्याबरोबर. हे ऑरिएमा इटलीत जन्मलेले, लहानपणी आईवडिलांबरोबर अमेरिकेत आलेले. आणि तेही आधी व्हर्जिनिया विद्यापीठात डेबी रायन या बाईंच्या हाताखाली सहायकच होते.

कनेक्टिकटचं विद्यापीठ स्टॉर्स नावाच्या छोट्या गावात आहे. तोवरच्या सगळ्या वर्षांत तिथल्या मुलींच्या संघाला पराभवांपेक्षा जास्त विजय एकाच हंगामात मिळाले होते. सामने जुन्या फील्ड हाऊसमध्ये व्हायचे, आणि पावसात छप्पर गळायचं. डेली-ऑरिएमा जोडीच्या पहिल्या हंगामात 12 विजय आणि 15 पराभव झाले. अशा ठिकाणी चांगल्या मुलींना यायला राजी करायचं म्हणजे काय, याची कल्पना करा. दाखवायला ना चषक, ना धड मैदान. दाखवायची ती फक्त आपली माणसं. न्यू हॅम्पशायरची केरी बास्कम आली, मॅसॅच्युसेट्सची रिबेका लोबो आली. 1991 मध्ये संघ पहिल्यांदा शेवटच्या चारांत पोचला. 1995 मध्ये 35 पैकी 35 सामने जिंकून राष्ट्रीय विजेता झाला. अंतिम सामना होता टेनेसीविरुद्ध, 70-64.

म्हणजे त्या दिवशी मिनियापोलिसच्या मैदानाच्या एका बाजूला डेली होत्या आणि दुसऱ्या बाजूला वॉर्लिक नि डीमॉस. 1985 ला सुरुवात केलेल्या तिघीही एकाच छपराखाली होत्या. पुढची दहा-बारा वर्षं या दोन विद्यापीठांमधल्या चुरशीनं अमेरिकेत मुलींच्या बास्केटबॉलला घराघरांत नेलं. 2000, 2003 आणि 2004 च्या अंतिम सामन्यांतही कनेक्टिकटनं टेनेसीलाच हरवलं. वर्तमानपत्रांनी ते सगळं ऑरिएमा विरुद्ध समिट असं रंगवलं. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं.

हॉली वॉर्लिक नॉक्सव्हिलच्याच, टेनेसीच्याच खेळाडू, समिट यांच्या शिष्या. 1980 च्या अमेरिकी ऑलिंपिक संघात त्यांची निवड झाली होती, पण अमेरिकेनं मॉस्कोवर बहिष्कार टाकला आणि ती संधी हुकली. टेनेसीनं आठ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, 1987 पासून 2008 पर्यंत; आठही वेळा वॉर्लिक समिट यांच्या शेजारी होत्या. मिकी डीमॉस यांची वाट वेगळी. त्या आधीच फ्लोरिडा विद्यापीठात मुख्य प्रशिक्षक होऊन आल्या होत्या. टेनेसीत 2003 पर्यंत सहायक राहिल्या, मग केंटकीला पुन्हा मुख्य प्रशिक्षक झाल्या, नंतर टेक्ससमध्ये परत सहायक झाल्या आणि 2010 मध्ये समिट यांच्याकडे परत आल्या. मोठं पद सोडून मागं येणं म्हणजे आपल्याकडे लोक घसरण समजतात. डीमॉस यांच्याकडे पाहिलं की वाटतं, कीर्तनात झिलकऱ्याची जागा ही बुवा होण्याच्या वाटेवरची पायरी नसते, ती स्वतःच एक विद्या असते.

2011 च्या ऑगस्टमध्ये समिट यांनी जाहीर केलं की त्यांना कमी वयात होणारा स्मृतिभ्रंश, अल्झायमर, झाला आहे. वय 59. तो हंगाम त्यांनी सोडला नाही. पण पत्रकारांना सामोरं जाणं, सामन्यातले निर्णय घेणं, हे हळूहळू वॉर्लिक यांच्याकडे आलं. पद सहायकाचं, ओझं मुख्याचं, आणि समोर जिनं घडवलं ती गुरू रोज थोडी थोडी विसरत चाललेली. या खेळात याहून अवघड हंगाम कुणा सहायकाच्या वाट्याला आला असेल असं मला वाटत नाही. एप्रिल 2012 मध्ये समिट 1,098 विजयांनिशी निवृत्त झाल्या आणि वॉर्लिक मुख्य प्रशिक्षक झाल्या. सात हंगाम त्यांनी संघ सांभाळला, 172 सामने जिंकले. राष्ट्रीय विजेतेपद मात्र आलं नाही, आणि 2019 मध्ये विद्यापीठानं त्यांना पदावरून दूर केलं. आठ चषकांच्या वेळी ज्यांच्या नावावर काहीच लागलं नव्हतं, त्यांच्या नावावर 67 पराभव मात्र नोंदले गेले. हे मला न्यायाचं वाटत नाही.

डेलींनी ती खुर्ची कधी बदलली नाही. 1988 पासून त्यांचं पद वरिष्ठ सहायकाचं झालं, एवढंच. संघाची शिस्त त्यांच्याकडे: कपडे नीट हवेत, वेळेवर यायचं, लोकांचे आभार मानायचे. सगळे त्यांना सीडी म्हणतात. 2021 च्या राष्ट्रीय स्पर्धेवेळी ऑरिएमांना कोविड झाला. ते घरी आणि संघ सॅन अँटोनिओला. पहिल्या दोन फेऱ्या डेलींनी सांभाळल्या. हाय पॉइंटवर 102-59 आणि सिराक्यूसवर 83-47 असे दोन्ही सामने जिंकून त्यांनी संघ परत ऑरिएमांच्या हाती दिला.

महिला बास्केटबॉलचं हॉल ऑफ फेम, म्हणजे या खेळातल्या मानकऱ्यांचं दालन, नॉक्सव्हिलला आहे, टेनेसीच्या गावात. तिथे वॉर्लिक यांचं नाव 2001 मध्येच लागलं होतं. 2018 मध्ये एकाच वर्षी क्रिस डेली आणि मिकी डीमॉस या दोघींना घेतलं गेलं. एरवी तिथे खेळाडू आणि मुख्य प्रशिक्षक यांचाच भरणा असतो. त्या वर्षी शेजारच्या खुर्च्यांतल्या दोघी एकदम आत गेल्या, याचा मला फार आनंद आहे.

20 नोव्हेंबर 2024 रोजी ऑरिएमा यांनी 1,217 वा विजय मिळवून महाविद्यालयीन बास्केटबॉलमधल्या सर्व प्रशिक्षकांना मागं टाकलं. त्या रात्री स्टॉर्समध्ये जुन्या खेळाडू जमल्या होत्या, आणि विद्यापीठानं समारंभ ठेवला होता दोघांच्या चाळीस हंगामांचा: ऑरिएमा आणि डेली. पुढच्या एप्रिलमध्ये साउथ कॅरोलायनाला 82-59 असं हरवून कनेक्टिकट बाराव्यांदा राष्ट्रीय विजेता झालं. बाराही वेळा डेली सहायकच होत्या.

नमस्कार.