साबण हातावर नेमकं काय करतो?

नळाखाली हात धरले, बोटं जराशी चोळली, की हात स्वच्छ दिसतात. पण त्वचेवर तेलकट पातळ थर असतो आणि बरेचसे जंतू त्यालाच चिकटून बसतात. पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे नुसतं पाणी वरवरच वाहून जातं.

साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं तेलाकडे. चोळताना तेलाकडचं टोक त्या थरात शिरतं, मळ सुटतो आणि त्याच्यासोबत जंतूही पाण्यात जातात. फ्लू किंवा कोरोनाच्या विषाणूभोवती मेदाचं आवरण असतं. साबण ते फोडतो. उलट्या-जुलाबांना कारण ठरणाऱ्या नोरोव्हायरसला असं आवरणच नसतं. त्याला साबण मारत नाही, हातावरून उतरवतो. अशा साथीत सॅनिटायझरच्या भरवशावर राहू नका.

(दृश्य: हातांचं जवळून चित्रण)

आधी हात ओले, मग साबण. तळवे, हाताची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या. आता अंगठा बघा: तो दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून गोल फिरवायचा. मग बोटांची टोकं तळव्यावर घासायची, म्हणजे फेस नखांखाली पोहोचतो. अंगठा आणि बोटांची टोकं, घाईत नेमकं हेच राहून जातं आणि वस्तूंना, तोंडाला सर्वांत जास्त लागतं तेही हेच. चोळायला किमान 20 सेकंद द्या. जागतिक आरोग्य संघटनेची संपूर्ण पद्धत, हात पुसण्यासकट, 40 ते 60 सेकंदांची आहे. गार पाणी चालतं. कढत पाण्याने त्वचा मात्र कोरडी पडते.

हात पुसून कोरडे करा. ओल्या हातांवरून जंतू जास्त सहज पसरतात.

‘जंतुनाशक’ लिहिलेल्या साबणासाठी जादा पैसे मोजायची गरज नाही. ट्रायक्लोसान या जंतुनाशक रसायनासह 19 घटकांपैकी एखादा जरी असलेल्या अशा घरगुती साबणांवर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2016 मध्ये बंदी घातली. साध्या साबण-पाण्यापेक्षा ते सरस आहेत, हे उत्पादकांना दाखवताच आलं नाही.

साबणाची वडी पाणी निथळणाऱ्या साबणदाणीत ठेवा. द्रव साबणाची बाटली अर्धी असताना वरून भरू नका. उरलेल्या साबणात जंतू वाढू शकतात. ती पूर्ण संपू द्या, पंपासकट धुवा, वाळवा आणि मगच भरा.