एका कामाला किती हेलपाटे?

(दृश्य : सकाळचे दहा. बँकेच्या शाखेचं शटर वर जातंय. पायरीवर सात-आठ माणसं, हातात पिशव्या.)

कर्मचारी नीट बोलले का, बसायला जागा मिळाली का, हे अभिप्रायाच्या फॉर्मवर विचारलेलं असतं. याच कामासाठी आधी कितीदा आलात, हा रकाना मात्र नसतो. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या आतल्या गावातून आलेल्या बाईचं समाधान त्या न विचारलेल्या आकड्यावर ठरतं. फुकट गेलेली फेरी म्हणजे बुडालेली हजेरी.

गृहलक्ष्मीचंच घ्या. कर्नाटक सरकार घरच्या कर्त्या बाईला महिन्याला २००० रुपये देतं. महाराष्ट्रातल्या चंदगडची लेक खानापुरात दिलेली. एक खातं माहेरचं, दुसरं सासरचं. पैसे दिसत नाहीत म्हणून ती विचारायला येते. काउंटरवरून उत्तर मिळतं, "आधार लिंक आहे, येतील." ते खोटं नसतं, अर्धवट असतं. आधार कितीही खात्यांना जोडता येतो, पण एनपीसीआयच्या, म्हणजे बँकांमधली देवघेव सांभाळणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या, नोंदीत एका आधारापुढे एकाच बँकेचं नाव राहतं. सरकारी पैसा त्या नोंदीमागे जातो. नोंद माहेरच्या बँकेची असेल, तर सासरचं पासबुक कितीही वेळा भरून घ्या, पान कोरंच.

(दृश्य : मोबाइलचा पडदा जवळून.)

*९९*९९*१# लावायचं, आधार क्रमांक टाकायचा. नोंद कुठल्या बँकेची आहे ते कळतं. काउंटरवर हे दोन मिनिटांत बघून सांगता येतं; सांगत नाहीत, तिथंच पुढच्या फेऱ्या सुरू होतात.

नोंद बदलायला आधार सीडिंगचं, म्हणजे खात्याला आधार जोडण्याचं, संमतीपत्र भरावं लागतं. त्यात आधीच्या बँकेचं नाव लिहायची जागा असते. नेमकी तीच रिकामी सोडली जाते आणि बदल अडकू शकतो. अर्ज दिल्यावर तारीख आणि शिक्का असलेली पोच मागून घ्यायची. आधी जमा झालेले पैसे जुन्याच खात्यात राहतात, तेव्हा ते पासबुकही एकदा भरून घ्यावं.

भाषेचं म्हणाल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानं फॉर्म त्रिभाषी हवेत : इंग्रजी, हिंदी आणि राज्याची भाषा, म्हणजे इथं कन्नड. मराठी नाही. हिंदीची ओळ देवनागरीत असते, निदान ती वाचता येते. बऱ्याचदा तसा फॉर्मच संपलेला असतो, ही गोष्ट वेगळी.

(दृश्य : टेबलावर पोच, शेजारी पोस्टाचा लिफाफा.)

काम अडलंच तर आधी बँकेकडे लेखी तक्रार. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. शुल्क नाही. टपालानं आलेल्या तक्रारी चंदीगडच्या केंद्रात घेतात, त्याही कुठल्याही भाषेत. तेव्हा मराठीत लिहिलेलं चालतं. सोबत पोचेची झेरॉक्स जोडायची. मूळ पोच घरातच ठेवायची.