एक दिवसाआड बिघडणारा संगणक

श्रोतेहो, नमस्कार.

इंदूरच्या सुदामा नगरातल्या एक काकू माझ्या दुकानात संगणक दुरुस्तीला घेऊन आल्या होत्या. फराळाच्या ऑर्डरींचा सगळा हिशेब त्यात. तक्रार एकच, काम करता करता मध्येच आपोआप बंद होतो आणि लगेच परत सुरू होतो. त्याआधी दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. एकीकडे विंडोज नव्याने टाकून दिलं, दुसरीकडे रॅम, म्हणजे संगणकाची तात्पुरती स्मृती असलेली पट्टी, बदलली. पैसे गेले, दुखणं जागच्या जागी.

मी तो दोन दिवस दुकानात चालू ठेवला. रात्रभर रॅमची तपासणी लावली, प्रोसेसर तापवून पाहिला. एकदाही बंद पडला नाही. मशीन दुकानात शहाण्यासारखं वागतं आणि घरी गेलं की पुन्हा तेच, असं झालं की मी पाना खाली ठेवतो आणि विचारायला लागतो. म्हटलं, "काकू, नेमका कधी बंद पडतो?" त्या म्हणाल्या, "तसं काही नाही हो, कधीही." मी म्हटलं, "आठवून बघा." थोड्या वेळाने म्हणाल्या, "सकाळीच पडतो. पण रोज नाही, एक दिवसाआड."

आता इंदूरमध्ये एक दिवसाआड सकाळी काय येतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. नर्मदेच्या पाण्याचे नळ!

नळाच्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी जाऊन बसलो. संगणक चालू केला आणि काकूंना पाणी चढवायची मोटर लावायला सांगितली. मोटर गुरगुरली, खोलीतला दिवा क्षणभर मंदावला आणि संगणकाचा पडदा काळा झाला. मोटर सुरू होताना पहिल्या झटक्याला नेहमीच्या पाच-सहा पट करंट खेचते, त्यामुळे घरातला व्होल्टेज तेवढ्यापुरता खाली बसतो. एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा तो लोखंडी डबा, चांगल्या तब्येतीचा असेल तर एवढी डुलकी पचवतो. त्याच्या कपॅसिटरमध्ये थोडी वीज साठलेली असते, तिच्यावर तो सेकंदाचा पन्नासावा-साठावा भाग तग धरतो. काकूंचा डबा उघडला तर दोन कपॅसिटरची डोकी टम्म फुगलेली, एकाच्या बुडाशी तपकिरी ओघळ. खरं तर ही डोकी नाण्यासारखी सपाट असायला हवीत. माझ्या दुकानात हे दिसलं नाही, कारण माझं टेबल यूपीएसवर, म्हणजे बॅटरीचा आधार असलेल्या पुरवठ्यावर चालतं. तिथे वीज कधी डुलकी घेतच नाही.

एसएमपीएस बदलला, मोटरला वेगळी लाईन ओढून घ्यायला सांगितली. रॅम आणि विंडोज निर्दोष होते, त्यांच्यावर उगाच खर्च झाला. मला याचं मनापासून वाईट वाटतं. आमच्या धंद्यात एक घाई शिरली आहे, निदान न करता पार्ट बदलायचा, नाहीतर सरळ फॉरमॅट मारायचा, म्हणजे डिस्क पुसून कोरी करायची. डॉक्टरने नाडी न बघता ऑपरेशन केलं तर आपण त्याला उभं करू का?

एक विनंती, हा डबा घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या वर वीज काही काळ राहू शकते.

अजिबात चालू न होणारं मशीन आलं की आम्ही उलटीकडून सुरुवात करतो. एकेक गोष्ट काढत जायचं. हार्ड डिस्क काढली, ग्राफिक्स कार्ड काढलं, यूएसबीला लावलेलं सगळं काढलं. मागे उरतो मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जिला जोडलेले असतात ती मुख्य पाटी, प्रोसेसर, त्याचा पंखा, एक रॅम आणि वीज. एवढ्यावर जीव आला, तर दोष काढलेल्या वस्तूंपैकी एकीत. मग त्या एकेक करून परत लावायच्या, आणि एका वेळी एकच. दोन बदल एकदम केले की कशाने बरं झालं ते कळत नाही, आणि न कळता बरं झालेलं मशीन पुन्हा दारात येतं. तरीही हललं नाही तर मल्टीमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचं यंत्र. 12 व्होल्टच्या तारेवर 11.4 च्या खाली आकडा दिसला, की संशय पुरवठ्यावर.

कितीदा तरी निघतं ते अगदी साधंच. रॅमच्या सोनेरी पट्टीवर पावसाळ्यात ओल आणि मळ बसतो. खोडरबराने हलकेच पुसली, खाचेत टक् आवाज येईपर्यंत दाबली की मशीन उठून बसतं. किंवा घड्याळ रोज मागे पडतं आणि बँकेची साईट उघडत नाही. तिथे इंटरनेटचा काहीच दोष नसतो. मदरबोर्डवरची 3 व्होल्टची नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते. तारीख चुकली की साईटचं सुरक्षा-प्रमाणपत्र संगणकाला अवैध वाटतं. आणि मे महिन्यात दुपारी बंद पडणारी मशीनं उघडली की प्रोसेसरच्या पंख्याखाली धुळीची गादीच निघते. हवा खेळत नाही, प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून मशीन स्वतःच बंद होतं.

एक गोष्ट मात्र साधी नाही, आणि ती सांगण्यासाठीच मी आज आलो आहे. हार्ड डिस्कमधून टक्... टक्... टक् असा ठरावीक आवाज यायला लागला, तर त्या क्षणी संगणक बंद करा. आतली तबकडी बहुतेक वेळा मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेत असते, आणि वाचणारं टोक तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. त्यापुढे धुळीचा एक कण म्हणजे डोंगर. ते टोक भरकटलं की असा आवाज येतो. "एकदा परत लावून बघू" असं म्हणत दहा वेळा चालू केलं, तर टोक तबकडीवर घासतं, आणि घासलेल्या जागेवरचे फोटो कुणालाही परत आणता येत नाहीत. मुलीच्या बारशाचे फोटो अशा रीतीने गेलेले आई-वडील माझ्या टेबलापाशी बसून रडलेले मी पाहिले आहेत. त्यांची डिस्क आधी एका ठिकाणी पाच-सहा वेळा चालू करून बघितली गेली होती, वर फॉरमॅटही झाली होती.

म्हणून दुकानात मशीन देताना पहिलं वाक्य हेच बोला, "आतला डेटा मला हवा आहे, विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नका." पावतीवर तसं लिहून घ्या. शक्य असेल तर पडद्यावर आलेल्या संदेशाचा मोबाईलवर फोटो काढून आणा. आणि कागदावर लिहून आणा, शेवटचं नीट कधी चाललं होतं, आणि बंद पडलं तेव्हा घरात आणखी काय चालू होतं. मिक्सर, गिझर, मोटर, सगळं लिहा.

नमस्कार.